वाचकांचे प्रश्न : स्प्रिंगफील्ड इंडियन्स बंद पडला की गाव सोडून गेला?

प्रश्न : अमेरिकेतील ‘स्प्रिंगफील्ड इंडियन्स’ हा आइस हॉकी संघ १९९४ मध्ये बंद पडला असे एका ठिकाणी वाचले, तर त्याच वर्षी तो दुसऱ्या गावी गेला असे दुसऱ्या ठिकाणी. यातले खरे काय? आणि दुय्यम लीगमधल्या संघाची आजही एवढी आठवण का काढली जाते?

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत. तिकडे संघाचे नाव आणि लीगमध्ये खेळण्याचा हक्क, म्हणजे फ्रँचायझी, या वेगवेगळ्या गोष्टी असतात. १९९४ मध्ये ‘इंडियन्स’ हे नाव संपले, हक्क मात्र मॅसॅच्युसेट्समध्येच वुस्टर येथे जाऊन ‘आइसकॅट्स’ झाला. पुढे तोच २००५ मध्ये पिओरियाला, २०१३ मध्ये युटिकाला आणि २०२१ मध्ये थेट कॅनडातील ॲबट्सफर्डला पोहोचला. स्प्रिंगफील्डमध्ये त्याच हंगामात ‘फाल्कन्स’ हा नवा संघ उभा राहिल्याने गावाचे हॉकीवाचून फारसे अडले नाही.

संघाची स्थापना १९२६ ची. त्याचे घरचे मैदान होते वेस्ट स्प्रिंगफील्डमधील ईस्टर्न स्टेट्स कोलिझियम. मात्र ज्यामुळे हा संघ लक्षात राहिला, त्यातले बरेचसे १९३९ नंतरचे आहे, कारण त्या वर्षी एडी शोअर यांनी तो विकत घेतला. बोस्टन ब्रुइन्स संघाचे हे बचावपटू एनएचएल या उत्तर अमेरिकेतील अव्वल हॉकी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान चार वेळा मिळवून बसले होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने कोलिझियम ताब्यात घेतले, तेव्हा शोअर आपले खेळाडू घेऊन बफेलोला गेले आणि युद्ध संपल्यावर परतले.

मालक म्हणून शोअर विलक्षण चिकट आणि हेकट होते. सामन्यात न खेळवलेल्या खेळाडूंना ते प्रेक्षागृहातील दिवे बदलणे, पॉपकॉर्न तयार करणे अशा कामांना जुंपत, आणि सरावात खाली पडण्याची खोड मोडावी म्हणून त्यांनी गोलरक्षकाला दोरीने गोलच्या चौकटीला बांधल्याचे किस्से सांगितले जातात. यातले काही तिखटमीठ लावलेले असेलही. पण त्यांच्या हाताखाली खेळणे सोपे नव्हते, हे पुढच्या घटनांवरून दिसतेच. तरीही याच संघाने १९६०, १९६१ आणि १९६२ असा सलग तीन वेळा अमेरिकन हॉकी लीग या आपल्या दुय्यम लीगचा कॉल्डर करंडक जिंकला, आणि तिन्ही हंगामांत साखळी फेरीतही तोच अव्वल होता. मला स्वतःला या तीन करंडकांपेक्षा पुढचा संप अधिक महत्त्वाचा वाटतो.

डिसेंबर १९६६ मध्ये मन लावून खेळत नसल्याचे कारण देऊन शोअर यांनी तीन खेळाडूंना निलंबित केले, तेव्हा उरलेल्यांनी खेळण्यास नकार दिला आणि टोरांटोचे तरुण वकील ॲलन ईगलसन यांना आपली बाजू मांडण्यास बोलावले. त्यापूर्वी मालकाशी एकेकट्याने झुंजणाऱ्या हॉकीपटूंना एकजुटीने काय साधते याचा अनुभव आला. अखेर शोअर यांना दैनंदिन कारभारातून बाजूला व्हावे लागले, आणि १९६७ मध्ये ईगलसन यांच्याच पुढाकाराने एनएचएल खेळाडूंची संघटना स्थापन झाली. (खेळाडूंचे कैवारी ठरलेले हेच ईगलसन १९९८ मध्ये फसवणुकीचे आरोप कबूल करून तुरुंगात गेले.)

१९६७ मध्येच संघ एनएचएलमधील लॉस एंजलिस किंग्जच्या छत्राखाली गेला आणि ‘स्प्रिंगफील्ड किंग्ज’ या नावाने त्याने १९७१ चा करंडक जिंकला. १९७४-७५ च्या हंगामात, तोही मध्येच, जुने नाव परत आले आणि त्याच हंगामात करंडकही. शेवटचे दोन करंडक मात्र फारच गमतीदार आहेत. १९९० मध्ये हा संघ न्यूयॉर्क आयलँडर्सशी संलग्न होता, १९९१ मध्ये हार्टफर्ड व्हेलर्सशी. म्हणजे मधल्या काळात खेळाडू पुरवणारा एनएचएलमधला संघच बदलला होता, तरी प्रशिक्षक जिमी रॉबर्ट्स यांनी सलग दोनदा विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी फ्रँचायझी वुस्टरला गेली.