तिमोर-लेस्तेची कॉफी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तिमोर-लेस्तेहून आलेल्या कॉफीच्या पाकिटावर ‘शंभर टक्के अराबिका’ असे छापले आहे. माझ्या एका जाणकार स्नेह्यांचे म्हणणे मात्र असे, की त्या देशाच्या कॉफीत रोबस्टा असतेच. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांचेही मानावे लागते. अराबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. अराबिकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात आणि रोबस्टाच्या पेशीत २२, त्यामुळे या दोघींचा संकर झालाच तरी ते रोप बहुधा वांझ निघते. आग्नेय आशियातल्या तिमोर बेटावर (त्याचा पूर्व भाग म्हणजे आजचा तिमोर-लेस्ते देश) मात्र टिपिका या जुन्या अराबिका वाणाच्या एका मळ्यात असा संकर आपोआप घडला, आणि त्यातून उगवलेल्या झाडात नेमकी ४४ गुणसूत्रे आली. म्हणजे ते फळाला येऊ शकत होते आणि इतर अराबिकाशी त्याचा पुन्हा संकरही होऊ शकत होता. १९२७च्या सुमारास हे झाड आढळले. त्याचे मोल ठरले ते तांबेऱ्यामुळे. हा बुरशीजन्य रोग पडला की कॉफीच्या पानाच्या पाठीवर नारिंगी भुकटी धरते, पाने झडतात आणि हंगाम हातचा जातो. टिपिका त्याला सहज बळी पडते. संकरित झाडाला रोबस्टाकडून रोगप्रतिकारशक्ती मिळालेली होती, म्हणून पुढच्या काही दशकांत त्याचेच बी बेटभर पसरले.

गोष्ट तिथेच थांबली नाही. तिमोरचा पूर्व भाग तेव्हा पोर्तुगालची वसाहत होता, आणि पोर्तुगालमध्ये ओएराश येथे १९५५ साली कॉफीच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. तिमोरचे बी तिथे पोचले. ठेंगण्या कातुर्रा वाणाशी त्याचा संकर करून कातिमोर आणि विया सार्ची वाणाशी संकर करून सार्चिमोर हे गट तयार झाले. कोलंबियातले कास्तियो किंवा होंडुरासमधले लेंपिरा हे तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी काढलेले वाण याच वंशातले आहेत. जगाच्या अराबिकावर या लहानशा देशाचे एवढे ऋण असताना त्याचे नाव दुकानातल्या पाकिटावर क्वचितच दिसावे, याची मला खरोखर खंत वाटते.

तर पाकिटावरचा मजकूर खोटा नाही, कारण हा संकर अराबिकातच गणला जातो. निखळ रोबस्टाही तिमोर-लेस्तेत खालच्या, उष्ण भागात होते. पण ती कॉफी वेगळी.

प्रश्न : या कॉफीला मातीसारखा, कधी कधी ओल्या लाकडासारखा वास येतो. तो रोबस्टाच्या अंशामुळे का?

उत्तर : थोडाफार वाटा त्या अंशाचा असू शकेल. कमी आंबटपणा, दाट पोत आणि कोकोकडे झुकणारा कडवटपणा ही या संकराच्या पेल्याची सर्वसाधारण चाल आहे. परंतु आपण म्हणता तो ओलसर वास बहुतेक वेळा झाडातून येत नाही, तो वाळवणात लागतो. तिथे कॉफी हे लहान कुटुंबांचे पीक आहे. डोंगरउतारावरून तोडून आणलेली फळे हाताने फिरवायच्या यंत्रातून काढून साल वेगळी करतात. मग बुळबुळीत गर चिकटलेल्या बिया रात्रभर ठेवतात आणि सकाळी धुतात. धुणे पुरे झाले की नाही, हे मुठीत धरल्यावर कळते : गर उरला असेल तर बिया निसटतात, स्वच्छ झाल्या असतील तर खड्यांसारख्या एकमेकींवर कुरकुरतात. इथवर सारे नीट झाले तरी पुढे ताडपत्रीवरचे वाळवण शिल्लक राहते. काढणी साधारण मे ते सप्टेंबरमध्ये होते, आणि त्या उंचीवर दुपारी धुके उतरते. दाण्यातली ओल ११-१२ टक्क्यांवर येण्याआधीच पोती भरली गेली, किंवा ताडपत्री ओल्या जमिनीवर अंथरली गेली, की दाणा तो वास धरतो आणि कितीही भाजला तरी सोडत नाही. पिकलेल्या फळांबरोबर हिरवीही ओरबाडली गेली असतील तर भाजल्यावर काही दाणे फिकट पिवळसर राहतात आणि शेंगदाण्याच्या टरफलासारखे लागतात. आपल्या पाकिटातले मूठभर दाणे पांढऱ्या बशीत पसरून पाहावेत. असे फिकट दाणे निघाले तर दोष तोडणीचा आहे.

याच संकराची फळे लाल झाल्यावर वेचून, त्याच दिवशी साल काढून, जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळवली, तर त्यांतून संत्र्याच्या सालीचा गंध आणि गुळचट गोडी निघते. म्हणून केवळ वंशावरून या कॉफीला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : पाकिटांवर एर्मेरा, माउबिसे अशी नावे असतात. त्यांना काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे. राजधानी दिलीच्या नैऋत्येकडचा एर्मेरा हा कॉफीचा मुख्य जिल्हा असून देशाचे बरेचसे पीक तिथले असते. माउबिसे आयनारो जिल्ह्यात, अधिक उंचावर आहे. थंडीमुळे तिथे फळ सावकाश पिकते, दाणा घट्ट होतो आणि पेल्यात आंबटपणा अधिक खुलतो. एर्मेरातील लेतेफोहोचा भागही असाच उंच आहे.

प्रश्न : तिथली झाडे फार जुनी असतात आणि त्यांना खते देत नाहीत, असे वाचले. मग ती छाटून नवी का करत नाहीत?

उत्तर : पुष्कळ झाडे खरोखरच जुनी आहेत, छाटणीअभावी ती इतकी उंच वाढतात, की फांदी वाकवून फळे तोडावी लागतात. १९७५ ते १९९९ या इंडोनेशियाच्या ताब्याच्या काळात कॉफीच्या व्यापारावर बराच काळ मक्तेदारी होती आणि शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता. अशा वेळी बागेवर कोण कष्ट घेणार? १९९४ साली अमेरिकी मदतीने सहकारी खरेदी सुरू झाली, तिचीच पुढे ‘कोओपेराटिवा काफे तिमोर’ ही संस्था झाली. ती फळे विकत घेऊन एकत्र धुते, त्यामुळे दर्जात एकसारखेपणा येऊ लागला. रासायनिक खते न वापरण्याची प्रथा तिथे सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कामी आली. बागेवर सावली धरणारी उंच ‘सामतुकू’ झाडे पालापाचोळ्याने जमीन पोसतात. अलीकडे मात्र त्यांच्यावरही गाठी आणणारा एक रोग पडला आहे.

छाटणीचे म्हणाल, तर जुने झाड जमिनीपासून हात-सव्वा हातावर कापले की बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि पुढे पीक भरघोस मिळते. पण मधली दोन-तीन वर्षे त्या झाडावर फळ धरत नाही, आणि वर्षातून एकदाच कॉफीचे रोख डॉलर (तिथे चलन अमेरिकी डॉलरच आहे) घरात येणाऱ्या कुटुंबाला तेवढे थांबणे परवडत नाही. ज्यांनी बागेचा एकेक तुकडा आळीपाळीने कापला, त्यांनाच हे जमले आहे.