मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेंज

हार्मोन स्रवणाऱ्या गाठींविषयी येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत गोंधळ एकच असतो: मूल लहान, पण रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज प्रौढांची. म्हणून उत्तरे एकत्र देते आहे.

दोन महिन्यांच्या बाळाचा एएफपी (रक्तातले एक प्रथिन, काही गाठींत वाढते) 200 आला. रेंज 10 च्या आत आहे. कॅन्सर आहे का?

केवळ या आकड्यावरून नाही. जन्मतः एएफपी हजारोंच्या घरात असतो आणि प्रौढांच्या पातळीवर यायला पहिल्या वर्षातला बराच काळ जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो आणखी जास्त असतो. तपासणी का सांगितली होती, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. पोटात गाठ लागत असेल तर आजच दाखवा.

मुलगी 11 वर्षांची. डोकेदुखी, घाम, धडधड. दोनदा बीपी जास्त भरले. रक्तातले नॉर्मेटानेफ्रिन (नॉरॲड्रेनॅलिन या हार्मोनपासून बनणारे द्रव्य) रेंजच्या आत, पण वरच्या टोकाला आहे. नातेवाईक म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. थांबावे का?

थांबू नका. मला सर्वाधिक काळजी अशाच रिपोर्टची वाटते. फिओक्रोमोसायटोमा आणि पॅरागँग्लिओमा या, बीपी चढवणारी हार्मोन स्रवू शकणाऱ्या गाठींच्या शोधात नॉर्मेटानेफ्रिन मोजतात. त्याची पातळी वयाबरोबर चढते, त्यामुळे मुलांची वरची मर्यादा प्रौढांपेक्षा खाली असते. प्रौढांच्या रेंजमध्ये ‘नॉर्मल’ दिसणारा आकडा 11 व्या वर्षी वाढलेला असू शकतो. मुलांमधल्या या गाठी बहुतेकदा आनुवंशिक असतात. व्हीएचएल (व्हॉन हिपेल-लिंडाऊ) या आनुवंशिक विकारात तर मुख्यतः नॉर्मेटानेफ्रिनच वाढते, म्हणजे आधार असतो तो नेमका याच आकड्याचा. याच तपासणीतल्या मेथॉक्सीटायरामिनचे (डोपामिनपासून बनणारे द्रव्य) उलटे: ते तान्ह्या मुलांत मुळातच जास्त असते, आणि तिथे प्रौढांची रेंज विनाकारण घाबरवते.

आता दुसरी बाजू. किंचित वाढलेला प्रत्येक आकडा म्हणजे गाठ नव्हे. बसवून रक्त घेतले किंवा सुईच्या भीतीने मूल रडत असले, तरी नॉर्मेटानेफ्रिन चढते. आधी सुई लावून ठेवावी, मुलीला 20 ते 30 मिनिटे शांत आडवे पडू द्यावे आणि आडव्या स्थितीतच नमुना घ्यावा. लॅबकडे वयानुसार रेंज लेखी मागा. बीपी वय, उंची आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे ताडून बघायला हवे. धडधड थांबावी म्हणून बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) मनाने सुरू करू नका. गाठ असली आणि आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) दिलेला नसला, तर बीपी धोकादायक चढू शकते. याच आठवड्यात बालहार्मोनतज्ज्ञांना भेटा. ताणाचे निदान नातेवाइकांनी करायचे नसते.

तपासणीआधी औषधे बंद करावीत का?

स्वतःहून एकही नाही. पॅरासिटामॉलसकट सगळ्यांची यादी डॉक्टरांना आणि लॅबला द्या.

मूल ठणठणीत आहे. ‘ट्यूमर मार्कर पॅकेज’ (गाठीच्या खुणा शोधणाऱ्या रक्ततपासण्या) सवलतीत मिळते आहे. करून घ्यावे?

नाही. लक्षण नाही, घरात आनुवंशिक विकार नाही, मग ही विक्री आहे, वैद्यक नव्हे. त्यातून हाती येतो तो एखादा ठळक अक्षरातला आकडा, आणि त्यामागे सुरू होतात स्कॅन.

सात वर्षांच्या मुलीचा डीएचईएएस (अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचे हार्मोन) थोडा वाढला आहे.

साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास तो चढू लागतोच. मात्र उंची झपाट्याने वाढणे, आवाज घोगरा होणे, मुरुमे किंवा जननेंद्रियात बदल, यांतले काही दिसले तर अधिवृक्क ग्रंथीची तपासणी लांबवू नका.

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत.

एकके पाहा. नॉर्मेटानेफ्रिनचे 1 नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे 183 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. पद्धतीही वेगळ्या असतात. पुढची तपासणी एकाच लॅबमध्ये करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा.