अर्जात दुसऱ्या पोरीचं नाव तेवढं घालू नका

ताई, मावशीच्या लग्नातली मेंदी हातावर राहिली म्हणून तुमच्या पोरीला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं, आणि त्याच वर्गातली दुसरी पोरगी, जिचे वडील शाळेच्या कमिटीत आहेत, ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन आत बाकावर. तुम्ही लिहिलेलं हे वाचून काल रात्री झोप लागली नाही मला. आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी हेच झालंय, मेंदीच्या जागी उशीर होता एवढंच.

वर्गशिक्षकांशी बोलणं, डायरीत लिहिणं हे तुम्ही केलं असणारच, ते सोडतो. तुम्ही विचारलंय अर्ज करू का. करा. पण त्यात त्या दुसऱ्या पोरीचं नाव घालू नका, तिच्या वडिलांचंही नको.

आमचं काय झालं सांगतो. माझी पहिली पाळी असायची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, त्यामुळं पोरगं सकाळी एकटंच बसनं जायचं. जुलैत आपल्याकडं पाऊस कसा असतोय ते सांगायला नको, आठवड्यातनं दोनदा तरी पाच-दहा मिनिटं उशीर व्हायचाच. गेट बंद. भिजलेलं पोरगं प्रार्थना संपेपर्यंत बाहेर, आणि मग पहिला तास व्हरांड्यात. त्याच वेळी मागनं चारचाकी यायची, हॉर्न वाजला की शिपाई गेट उघडायचा. पोरगं घरी येऊन म्हणालं, पप्पा, तो पण लेटच आला होता की. सातवीतलं पोरगं, त्याला काय उत्तर देणार?

मी तिरीमिरीत अर्ज लिहिला आणि त्यात सरळ घातलं, अमुक तुकडीतल्या अमक्याला आत कसं घेता. माझी सगळ्यात मोठी चूक ही. शाळेनं नियमाचं काहीच केलं नाही. त्या पोराला वर्गात उभं करून विचारलं, तुझ्यामुळं तक्रार आली आहे, आणि दुसऱ्या दिवसापासनं त्यालाही गेटबाहेर ठेवलं. म्हणजे एक पोरगं भिजत होतं तिथं दोन भिजायला लागली. ती दोघं एकत्र डबा खायची हो. नंतर वर्षभर माझ्या पोराशेजारी डबा खायला कोण बसलं नाही. मला न्याय पाहिजे होता आणि किंमत त्यानं मोजली. अजून बोचतं ते.

म्हणून अर्जात फक्त विचारा, हा नियम लेखी कुठं आहे, कधी ठरला, मोडल्यावर शिक्षा काय, आणि ती ठरवायचा अधिकार कुणाला. बास. लेखी नियम समोर आला की तो सगळ्यांना लागतो, कुणाकडं बोट दाखवायची गरजच पडत नाही. शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकारातही मागता येतं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतंय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ पण लिहा, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे त्यात. वर्गाबाहेर उभं करणं मी तरी छळच धरतो. मी वकील नाही, जाणकाराला एकदा विचारून घ्या.

आणि पोच घ्या! मी एका कार्यालयात गेलो होतो, कुठलं ते लिहीत नाही. पहिल्या टेबलावर म्हणाले हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यावर म्हणाले साहेब मीटिंगला गेलेत, तिसऱ्या खेपेला म्हणाले तुमचा अर्जच सापडत नाही. आवक नंबर नव्हता ना माझ्याकडं. तीन अर्ध्या रजा गेल्या. शिक्षण खात्याकडं अर्ज देणार असाल तर आधी फोन करून विचारा शाळेचा तो वर्ग कुणाच्या अखत्यारीत येतो, कारण शहरात प्राथमिकचं महापालिकेकडं आणि माध्यमिकचं जिल्हा परिषदेकडं असतं, एकाच आवारात दोन्ही असली तरी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही, तारीख.

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. वेळेत यावं, मेंदी नको असेल तर तसं सांगावं. पण शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोराला शाळेत नाही पाठवलं तर महिन्याला १ रुपया दंड होता, आणि तो आईबापाला होता, पोराला नाही. शंभर वर्षांनी त्याच गावात बस उशिरा आली म्हणून पोराला गेटबाहेर ठेवतात. चूक माझी असेल तर मला बोलवा की, मला उभं करा.

अजून एक, पोरीला मेंदी घासून काढायला लावू नका. आमच्या शेजारी एकीनं ब्लीच लावलेलं, हाताची साल निघाली. दोन आठवड्यांत जाते ती आपोआप. तिला विचारा मात्र, त्या दुसऱ्या पोरीशी बोलते का अजून. बोलत असेल तर ते तेवढं सांभाळा.