पेशीभित्तिका, पटल आणि आवरण: जीवाणूच्या बाबतीत हे तिन्ही एकच का?

प्रश्न असा आलाय की शाळेच्या पुस्तकात जीवाणूच्या आकृतीला ‘पेशीभित्तिका’ आणि ‘प्रद्रव्यपटल’ अशी दोन वेगळी नावं दिलीयेत, पण शिकवणीच्या नोट्समध्ये दोन्हीच्या जागी सरसकट ‘पेशीआवरण’ लिहिलंय, तर ते चालतं का? आणि त्याच आकृतीतला ‘कशाभिका’ हा शब्द आला कुठून?

आधी सरळ उत्तर देते: नाही चालत. आवरण हा शब्द चुकीचा नाहीये, पण तो सगळ्या थरांना मिळून वापरायचा असतो, एकेका थराला नाही. आणि जीवाणूच्या बाबतीत तर हा फरक अजिबात पुसू नये असं मला मनापासून वाटतं, कारण कुठलं औषध लागू पडणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

भित्ती म्हणजे भिंत, भित्तिचित्र आणि भित्तिपत्रकातली तीच. पटल म्हणजे पातळ पडदा, हा तर आपण शरीराबद्दल बोलताना नेहमी वापरतो, डोळ्यातलं दृष्टिपटल, पारपटल, छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल. म्हणजे नावं अगदी नेमकी आहेत, गोंधळ होतो तो कामाच्या बाबतीत. भिंत म्हटलं की आपल्याला वाटतं हीच आत-बाहेर अडवत असणार, पण जीवाणूची भित्तिका अडवण्याचं काम फारसं करतच नाही. ती जाळी आहे, साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे, या पदार्थाला पेप्टिडोग्लायकन म्हणतात आणि लहानसहान रेणू त्यातून आरामात आरपार जातात. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं हे ठरवतं ते पटल.

मग भित्तिका कशाला? दाबासाठी. जीवाणूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं असं सगळं दाटीवाटीने भरलेलं असतं त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसत राहतं, आणि स्टॅफिलोकॉकससारख्या जीवाणूत हा आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या २० पटींच्या आसपास जातो. नुसतं पटल एवढा दाब सहन करूच शकत नाही, ते फुटेल. सायकलची ट्यूब आणि टायर डोळ्यासमोर आणा, हवा धरून ठेवते ती ट्यूब पण तिला फुगून फुटू देत नाही तो टायर. पटल म्हणजे ट्यूब, भित्तिका म्हणजे टायर. शिवाय जीवाणू गोल असणार की दांडीसारखा लांबट, तो आकारही भित्तिकाच सांभाळते.

आता पेनिसिलिन बघा. जीवाणू वाढताना जुनी जाळी जागोजागी कापून नवीन तुकडे विणत असतो, आणि ते आडवे जोड घालणारं जे एन्झाइम आहे नेमकं तेच पेनिसिलिन बंद पाडतं. कापणं चालू, जोडणं बंद, शेवटी जाळी विरते आणि पेशी आतल्या दाबाने फुटते. आपल्या पेशींना भित्तिका नसतेच त्यामुळे पेनिसिलिनला आपल्याकडे बंद पाडायला काही सापडत नाही. आपल्या अश्रूंमध्ये आणि अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम असतं तेसुद्धा हीच जाळी कापतं, आणि त्याचा शोध १९२२ मध्ये पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेच लावला, पेनिसिलिनच्या आधी.

उलट मायकोप्लाझ्मा नावाच्या जीवाणूंना भित्तिका नसते, पटलावरच भागतं, म्हणून त्यांच्यावर पेनिसिलिन काहीही करत नाही, रायबोझोमवर, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या भागावर, काम करणारं ॲझिथ्रोमायसिनसारखं औषध द्यावं लागतं. आणि कोलिस्टिन नावाचं औषध पटलावर हल्ला करतं. पण पटल आपल्याही पेशींना असतं ना, त्यामुळे असं औषध फार जपून वापरावं लागतं, किडनीला त्रास होऊ शकतो. आता सांगा, दोन्हीला ‘आवरण’ लिहिलं तर हे मुलांना समजावणार कसं?

पटलाचं अजून एक काम नोट्समध्ये हमखास सुटतं. जीवाणूत तंतुकणिका, म्हणजे आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया, नसतात. मग ऊर्जा कुठे तयार होते? श्वसन करणाऱ्या जीवाणूंमध्ये याच पटलात, म्हणजे आपल्याकडे तंतुकणिकेच्या आतल्या पटलात जे चालतं ते तिथे पेशीच्या कडेलाच चालतं. एवढं काम करणाऱ्या भागाला स्वतःचं नाव हवंच.

आवरण कुठे शोभतं तेही सांगते. १८८४ मध्ये हान्स ख्रिस्टियन ग्राम याने रंग देऊन जीवाणू ओळखायची पद्धत शोधली, त्यात जांभळे राहतात ते ग्राम पॉझिटिव्ह, त्यांची भित्तिका जाड असते, आणि दुसरे ग्राम निगेटिव्ह, म्हणजे आपल्या आतड्यातला ई. कोलाय वगैरे, त्यांची भित्तिका एकदम पातळ आणि तिच्या बाहेर आणखी एक पटल. आतलं पटल, मधे भित्तिका, बाहेरचं पटल, या सगळ्याला मिळून पेशीआवरण म्हणा, अगदी बरोबर आहे.

राहिला कशाभिका. संस्कृतात कशा म्हणजे चाबूक, आभ म्हणजे सारखं दिसणारं, तर कशाभिका म्हणजे चाबकासारखी बारीक शेपटी. लॅटिन फ्लॅजेलमचा अर्थही चाबूकच, तिथूनच हे घेतलंय. शब्द मला फार आवडतो पण एक सांगायलाच हवं, जीवाणूची कशाभिका चाबकासारखी फटकारे मारत नाही, ती गोल फिरते, आणि हे १९७३-७४ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं! तिच्या मुळाशी पटलात आणि भित्तिकेत रोवलेली खरीखुरी मोटर असते, ई. कोलायमध्ये ती प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते आणि सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेते. फटकारे मारते ती शुक्राणूची शेपटी, तिलाही कशाभिकाच म्हणतात पण तिची रचना पूर्ण वेगळी, जाडीही कितीतरी जास्त. म्हणून परीक्षेत ‘जीवाणूची कशाभिका’ आली तर ‘हलवून पुढे सरकतो’ असं न लिहिता ‘फिरवून पुढे सरकतो’ असं लिहायला सांगा.