रात्रभर ओट्यावर राहिलेली कोंबडी

ताई, "रात्री फ्रीजरमधली कोंबडी ओट्यावर काढून ठेवली, सकाळी वास येत नाही, मग करायला काय हरकत?" असं तुम्ही विचारलंय. हरकत आहे. फेकून द्या. वासाचा भरवसा नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे मुंबईचे पाहुणे यायचे होते. पावणेदोन किलोची अख्खी कोंबडी, दगडासारखी. रात्री दहाला गंजात घालून ओट्यावर ठेवली, मांजरीच्या भीतीने वर झाकण. आमचं स्वयंपाकघर पत्र्याचं, मे महिन्यात पहाटेही उकाडा सरत नाही. सकाळी गंजात बोटभर गुलाबी पाणी, कातडी कोमट, लिबलिबीत आणि पोटात हात घातला तर बर्फ! आई म्हणाली, "उकयलं का सारं मरते." मलाही पटलं. जंतू मरतात हो, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही, हे सलाईन लावताना डॉक्टरांकडून कळलं. सहा माणसं आडवी झाली. त्या पाहुण्यांनी पुन्हा आमच्याकडे मटण-कोंबडीचं नाव काढलं नाही.

आता आदल्या दिवशीच खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवतो. दोन किलोला अख्खा दिवस लागतो. घाई असली तर न गळणाऱ्या पिशवीत घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. किलोला तासभर धरा. थंड म्हणजे माठाचं, त्यात बर्फ टाकून. टाकीच्या नळाला मे महिन्यात हात पोळतो, ते नको. आणि कच्ची कोंबडी नळाखाली खळाखळा धुऊ नका, शिंतोडे चटणीच्या वाटीपर्यंत जातात. माझं मत विचाराल तर अख्खी गोठवूच नये. अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा. मी काही डॉक्टर नाही, घरात लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर आणखी जपा.

लाईटचं तर बोलूच नका. मागच्या उन्हाळ्यात गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, वीज ऑफिसात तीन चकरा मारल्या, दर वेळी "माणूस पाठवतो." माणूस चौथ्या दिवशी आला. तेव्हापासून फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचा शिक्का ठेवलाय. आपण बाहेरगावी असताना लाईट जाऊन आली तरी वाटी सांगते: शिक्का वर असला तर बरं, तळाशी गेला तर पिशवी थेट उकिरड्यावर, कुत्र्यालाही नाही.