ताप आला की माणूस भिंतीकडे तोंड करून का पडतो?

ताई, तुम्ही विचारलंय की ताप आला की तुमचे मिस्टर कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, सासूबाई म्हणतात नखरे आहेत, तर खरं काय. नखरे नाहीत ओ. आणि अशक्तपणा म्हणाल तर ते पण अर्धंच उत्तर झालं.

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं मेडिकल आहे, डॉक्टर नाही मी, पण काउंटरवर रोज बघतो, तापाचा पेशंट लांब गाडीवरच बसून राहतो आणि औषध सोबतचा माणूस घेतो. आमच्या वडिलांना डेंग्यू झाला तेव्हा तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जीव असलेला माणूस ताट बघून तोंड फिरवायला लागला, नातू जवळ गेला तर "जा बाबा तिकडं". तेव्हापासून मला ह्या विषयाचा नाद लागला.

होतं असं की जंतू शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6, टीएनएफ वगैरे. ही मुळात पेशींची एकमेकींना हाक, पण ती मेंदूपर्यंत पण जाते. एक वाट व्हेगस नसेची, ती मेंदूपासून थेट पोटापर्यंत आलेली असते. उंदरांची ही नस पोटाकडं जाताना कापली आणि मग पोटात इंटरल्यूकिन-1 टोचलं तर ते तेवढे मलूल होत नाहीत. दुसरी वाट रक्ताची, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी हा निरोप ऐकून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतात आणि त्यानं ताप चढतो. पॅरासिटामॉल ह्याच प्रोस्टाग्लँडिनला आवरतं. (डेंग्यूचा संशय असला तर ब्रुफेन, ॲस्पिरिन मनानं घेऊ नका, रक्तस्रावाची भीती असते, हे मी दुकानात रोज दहा वेळा सांगतो.)

आता मजा बघा, ह्याला जिवंत जंतू लागतच नाही. बॅक्टेरियाच्या कवचाचा नुसता तुकडा टोचला तरी उंदीर कोपऱ्यात अंग आखडून बसतो, साखरेचं पाणी पण गोड मानून पीत नाही. माणसांत तर पुरावाच आहे, हिपॅटायटिस सी ह्या लिव्हरच्या आजाराला पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन् महिने द्यायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चक्क डिप्रेशन यायचं. इंटरफेरॉन म्हणजे पण सायटोकाइनच, फक्त बाटलीतनं आलेलं.

हे शरीर कशाला करतं? 1988 साली बेंजामिन हार्ट ह्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी मांडलं की हा बिघाड नाही, डावपेच आहे. एक डिग्री सेल्सिअस ताप वाढला की शरीराचा खर्च साधारण 10 टक्क्यांच्या वर वाढतो, मग हिंडणं, गप्पा, भूक सगळं बंद करून ती ताकद लढायला लावायची. मला हे पटतं.

पण म्हणून सायटोकाइन वाईटच असं नाही बरं का, 2016 मध्ये अमेरिकेत किपनिस ह्या शास्त्रज्ञांच्या टीमला दिसलं की इंटरफेरॉन-गॅमा नसलेले उंदीर दुसऱ्या उंदरांत मिसळायलाच बघत नाहीत. म्हणजे त्याचा ठराविक अंश लागतो चारचौघांत बसायला. आणि मेंदू पण उलटा निरोप देतो, 2000 साली केविन ट्रेसी ह्या संशोधकांच्या प्रयोगात उंदरांची व्हेगस नस विजेनं चेतवली तर टीएनएफ कमी झालं.

तर सासूबाईंना सांगा, पडू द्या त्यांना, जबरदस्तीनं भाकरी नको, पाणी, पेज, ताक देत राहा. ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी मन लागत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि ताप चालू असताना बडबड करायला लागले किंवा उठवून उठेनात तर वाट बघू नका, लगेच न्या.