दिवाळीत क्रूझ: सिंगापूर की लक्षद्वीप, आणि पैसे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याचं चौकोनी कुटुंब. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना 1 लाख 45 हजार. गृहकर्जाचा हप्ता 42 हजार, एसआयपी 15 हजार, घरखर्च 65 हजार. अडीअडचणीसाठी साडेचार लाखांची एफडी आणि सहलीसाठी वेगळे साठवलेले 1 लाख 60 हजार. मुलगी नऊ वर्षांची, मुलाला येत्या मार्चमध्ये तीन पूर्ण होतील. दिवाळीच्या सुट्टीत क्रूझ करायची आहे. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या मुंबई-लक्षद्वीप-मुंबई या चार रात्रींच्या फेरीचं, खिडकीच्या केबिनचं कोटेशन 1 लाख 12 हजारांचं आहे. रॉयल कॅरिबियनची सिंगापूरहून पेनांग आणि फुकेत अशी चार रात्रींची सफर, बाल्कनीची केबिन, कर आणि बंदरशुल्क धरून 2 लाख 5 हजारांना मिळतेय. कमी पडतील ते पैसे बारा बिनव्याजी हप्त्यांत देता येतील, असं एजंट म्हणतो. तुम्ही विचारता, "फरक 93 हजारांचाच आहे, मग सिंगापूर का नको?"

फरक 93 हजारांचा नाही, तीन लाखांच्या पुढचा आहे. तो कसा, ते आधी पाहू.

कोटेशनमध्ये केबिन, जेवण आणि जहाजावरचे बहुतेक कार्यक्रम येतात. टिप येत नाही. रॉयल कॅरिबियन साध्या केबिनसाठी माणशी दिवसाला साडेअठरा अमेरिकी डॉलर टिप आकारते आणि मुलांनाही ती पूर्ण लागते. चार जण, चार रात्री म्हणजे 296 डॉलर. डॉलर 95 रुपये धरला तर 28 हजारांच्या वर. विमानाची चार तिकिटं तुम्ही 1 लाख 16 हजार लिहिली आहेत. मुलगा दोन वर्षांचा झाल्यामुळे त्याला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी सिंगापूरला उतरण्याचा धोका घेऊ नका. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत येत नाहीत. म्हणून आधीची एक रात्र आणि तुमच्या आखणीनुसार नंतरची एक, हॉटेलचे 32 हजार. व्हिसा एजंटच्या शुल्कासकट 14 हजार, विमा 5 हजार, दोन बंदरांवरचं फिरणं 20 हजार, जहाजावरचं वायफाय आणि किरकोळ खर्च 15 हजार, सिंगापुरातलं खाणं आणि टॅक्सी-मेट्रो 12 हजार. रॉयल कॅरिबियनवर सगळा हिशेब डॉलरमध्ये होतो. आपल्या क्रेडिट कार्डावर परकी चलनाचा अधिभार बहुतेक साडेतीन टक्के असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के. परदेशात होणाऱ्या साधारण 75 हजारांच्या खर्चावर तेच 3,100 रुपये झाले.

एकूण जमतं साडेचार लाख. ज्या आकड्यावर तुम्ही तुलना करत होता, तो या खर्चाच्या निम्माही नाही. लक्षद्वीपचा असाच हिशेब केला तर 1 लाख 12 हजारांवर बंदरापर्यंतची टॅक्सी, बेटावरचे खेळ आणि जहाजावरचा वरखर्च मिळून पंचवीस हजार, म्हणजे 1 लाख 37 हजार. विमान नाही, व्हिसा नाही, हॉटेल नाही.

टीसीएसचंही, म्हणजे पॅकेज विकताना एजंट आगाऊ गोळा करतो त्या प्राप्तिकराचंही सांगतो, कारण एजंट तो खर्च म्हणून दाखवतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर पूर्वी वर्षाला 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के टीसीएस होता. 1 एप्रिल 2026 पासून तो सरसकट 2 टक्के झाला. क्रूझ, विमान, हॉटेल आणि व्हिसा एकत्र बिल केले तर तुमच्या 3 लाख 67 हजारांवर 7,340 रुपये. हा पैसा जात नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पगारातून टीडीएस कापला जात असेल तर या रकमेचं निवेदन कंपनीच्या पेरोल विभागाला द्या, ते पुढच्या महिन्यांतला टीडीएस तेवढा कमी करतात. एजंटने तुमचा पॅन बरोबर घातला आहे ना, एवढं मात्र पावतीवर पाहा.

आता पैसे कुठून. साडेचार लाखांतून साठवलेले 1 लाख 60 हजार वजा केले तर 2 लाख 90 हजार कमी पडतात. बारा हप्ते केले तर महिना 24,167. सगळे ठरलेले खर्च भागवून तुमच्याकडे महिन्याला उरतात 23 हजार. म्हणजे हप्ता खरोखर बिनव्याजी असला, तरी तो बसत नाही. आणि बिनव्याजी तो नसतोच. रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, तिथेच व्याज वसूल होतं. वर प्रोसेसिंग फी आणि बँक दाखवते त्या व्याजावर जीएसटी. रोख किंमत किती आणि हप्त्यांची एकूण किंमत किती, हे दोन आकडे लेखी मागा, लगेच कळेल.

एफडी मोडली तर मुदतीआधी मोडल्याचा दंड लागतो, पण माझी काळजी दंडाची नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला 1 लाख 7 हजार लागतातच. साडेचार लाखांची एफडी म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा श्वास. त्यातून 2 लाख 90 हजार काढले की दीड महिना उरतो. घरात अडीच वर्षांचं मूल, डोक्यावर गृहकर्ज, आणि दोघांपैकी एकाची नोकरी अडली तर दीड महिना. हे मी तुम्हाला करू देणार नाही. एसआयपी वर्षभर थांबवायचा विचार तुमच्या पत्रात आहे, तोही सोडा.

पैशापलीकडचा, पण पैशाशीच जोडलेला मुद्दा मुलाच्या वयाचा. रॉयल कॅरिबियनचा ॲडव्हेंचर ओशन हा मुलांचा क्लब रात्री दहापर्यंत फुकट असतो, पण तिथे मूल तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि डायपर सुटलेलं लागतं. त्याहून लहान मुलांना पाळणाघर असतं, ते तासावर पैसे घेतं आणि जागा मोजक्या. डायपरमधलं मूल मुख्य पोहण्याच्या तलावात उतरवता येत नाही, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. त्याला फक्त तान्ह्या मुलांचा पाण्याचा कोपरा. म्हणजे दिवाळीत तुमच्यातला एक जण कायम केबिनमध्ये किंवा त्या कोपऱ्यात अडकलेला असेल, आणि बंपर कार, लाटांवरचं सर्फिंग, नॉर्थ स्टार हा उंच वर नेणारा काचेचा पाळणा यांसाठी मोजलेल्या पैशांचा उपयोग मुलगी आणि उरलेला एक पालक एवढ्यांनाच. मेमध्ये मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा असेल. तीच सफर, तेच पैसे, पण वापरणारे चार जण. फक्त डायपर तोवर सुटायला हवा.

मग दिवाळीत लक्षद्वीप करावं का? खिशाला परवडतं, पण या वेळेला नको. पाच दिवसांतला बेटावरचा वेळ एकाच दिवसाचा, बाकी समुद्र. बेटाजवळ मोठं जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज लांब नांगरतं आणि लहान बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. लाटा वाढल्या की कप्तान हे उतरणं रद्द करतो, आणि ते बरोबरच करतो. अशा वेळी तुम्हाला फार तर बेटावरच्या सहलीचे पैसे परत मिळतात, तिकिटाचे नाही. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा. 2019 चं महा वादळ दिवाळीनंतरच्या आठवड्यात लक्षद्वीपवरून गेलं, 2017 चं ओखी डिसेंबरच्या सुरुवातीला. लक्षद्वीप करायचं तर जानेवारी ते मार्च. दोन दिवस शाळा बुडेल, पण समुद्र शांत असतो. क्रूझवर मुलांना कसं वाटतं, मुलीला बोट लागते का, हे आधी पाहायचं असेल तर मुंबई-गोवा ही छोटी फेरी त्यासाठी पुरते. ती मात्र सिंगापूरच्या फंडातून करायची नाही.

सिंगापूरचं गणित मेसाठी मांडतो. महिना 18 हजारांची आरडी आजपासून दहा महिने, म्हणजे 1 लाख 80 हजार. आधीचे 1 लाख 60 हजार धरून 3 लाख 40 हजार. ही वरची मर्यादा, आणि आता मागून मोजत यायचं. विमान 1 लाख, टिप 28 हजार, हॉटेल एकच रात्र 16 हजार. परतीला जहाज सकाळी बंदरात लागतं, विमान संध्याकाळचं घ्या, दुसरी रात्र वाचते. व्हिसा आणि विमा मिळून 19 हजार, बंदरावरचं फिरणं 10 हजार, वरखर्च 8, सिंगापुरातले 8, कार्डाचा अधिभार 2. हे झाले 1 लाख 91 हजार. क्रूझसाठी उरतात दीड लाखाच्या आसपास. याच्या वरचं कोटेशन घ्यायचं नाही.

दीड लाखात बाल्कनी बसणार नाही, आणि तिची गरजही नाही. तीन वर्षांच्या मुलाबरोबर बाल्कनीचं दार कायम कडी लावून बंद ठेवावं लागतं. खिडकीची केबिन घ्या. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गाच्या जहाजांवर आतल्या केबिनमध्येही भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर बाहेरचा समुद्र दिसतो, त्यामुळे तीही चालेल. केबिन चौघांची आहे का, हे मात्र आधी बघा. अशा केबिनमध्ये दोन खाटा, एक सोफ्याची खाट आणि छतातून खाली उतरणारी एक वरची खाट असते. वरच्या खाटेवर मुलगी झोपेल, मुलाला सोफा. या केबिन थोड्याच असतात आणि सर्वांत आधी संपतात, म्हणून भाव पडण्याची वाट बघत शेवटपर्यंत थांबणं चार जणांच्या कुटुंबाला सहसा महागात पडतं. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं भाडं कमी असतं, कधी 'मुलं मोफत' अशी योजनाही असते, पण त्यात कर, बंदरशुल्क आणि टिप मोफत नसतात.

तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यातली धरा. सिंगापूरच्या शाळांची सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होऊन जूनअखेरपर्यंत चालते, तेव्हा तिथलीच कुटुंबं जहाजं भरतात आणि भाव चढतात. आपली सुट्टी त्याआधी लागते, हा आपला फायदा.

सिंगापूरहून आणखी दोन पर्याय तुम्ही पाहिलेले दिसत नाहीत. रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसचं गेंटिंग ड्रीम: जहाजावरचा हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली, दोन-तीन रात्रींच्या सफरी मिळतात. आजी-आजोबा सोबत असते तर मी हेच आधी सुचवलं असतं. तीन रात्रींची सफर घेतली तर टिपही तीनच रात्रींची. दुसरं डिस्ने ॲडव्हेंचर. ते सिंगापूरहून निघून मधे कुठल्याही बंदरावर न थांबता परत येतं, सगळा पैसा जहाजाचा आणि डिस्नेच्या पात्रांचा. नऊ वर्षांच्या मुलीला वेड लागेल यात शंका नाही, पण तुमच्या मर्यादेत ते बसवायला जाऊ नका.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, तिथून जॉर्ज टाउनचा जुना भाग, कॉर्नवॉलिसचा किल्ला आणि लिटल इंडिया चालत होतात. तिथे जहाजाची सहल विकत घेऊ नका. फुकेतला जहाज अनेकदा दूर नांगरतं आणि अंतरं मोठी आहेत, तिथे स्वतः फिरून वेळेत परत न पोचण्याची भीती असते. त्यामुळे त्या 10 हजारांतला मोठा भाग फुकेतसाठी राखा. दारूचं पॅकेज एका मोठ्या माणसाने घेतलं तर त्या केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, म्हणून एखादा पेला हवा असेल तर सुटाच घ्या.

घरचं मेडिक्लेम जहाजावर चालेल असं गृहीत धरू नका. जहाजावरचा डॉक्टर तपासणीचेही डॉलर लावतो, ते थेट केबिनच्या खात्यावर चढतात. प्रवासविम्यात क्रूझ, समुद्रातून हलवण्याचा वैद्यकीय खर्च आणि सहल रद्द होणं या तीन गोष्टी आहेत का ते पॉलिसीच्या कागदावर वाचा, आणि विमा बुकिंग केल्याबरोबर घ्या. रद्द होण्याचं संरक्षण त्या दिवसापासूनच लागू होतं.

मुलांचे पासपोर्ट आज काढून बघा. लहानांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. मुलीचा चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल तर तो बहुधा मेपर्यंत पुरणार नाही. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येतं, त्यामुळे व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, ते पाहा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड दोनदा भरावं लागतं, विमानाने पोचताना आणि जहाजाने परतताना, दोन्ही वेळा आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर भरू नका. मलेशिया आणि थायलंडचे व्हिसा नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, तिकीट काढाल त्या दिवशीचे तपासा.

एजंटकडून पैसे देण्याआधी ईमेलवर एवढं मागवा: अनामत परत मिळणारी आहे की नाही, उरलेली रक्कम भरायची शेवटची तारीख, त्या तारखेनंतर रद्द केल्यास किती टक्के कापणार, केबिनमध्ये किती खाटा आहेत आणि मुलाचं वय जहाज सुटण्याच्या तारखेला किती धरलं आहे.